‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ : एका मैफलपटाचे गुणदोष

संगीताचा कार्यक्रम श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष चालू असताना त्याचे चित्रण करावे आणि त्या चित्रणातून पूर्ण लांबीचा माहितीपट सिद्ध करावा, या कलाप्रकारास या लेखात ‘मैफलपट’ असे म्हटले आहे. रॉक संगीताच्या बहराच्या काळात, म्हणजे १९६७ ते १९७८ या सुमारे बारा वर्षांत, या प्रकारातील बहुतेक अभिजात कृती निर्माण झाल्या. त्यांपैकी एकीचा भारताशी, आणि थोडा शोध घेतल्यास छत्तीसगढशीही, निकटचा संबंध आहे. ती कृती म्हणजे साउल स्विमर दिग्दर्शित ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ (१९७२). ज्या निर्वासितांसाठी १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये ही मैफल भरली, त्यांतील काही जणांना त्याच वर्षी रायपूरजवळच्या माना येथील छावणीत आश्रय मिळाला होता. दुर्ग-भिलाईच्या बोरसीसारख्या वस्तीपासून माना रस्त्याने तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. म्हणून या चित्रपटाचे मूल्यमापन इकडच्या मराठी वाचकासाठी नीट मांडून ठेवणे अगत्याचे वाटते.

उगम

मैफलपटाच्या उगमाशी रॉक संगीतापूर्वीचे जॅझ संगीत आहे. १९५८ साली अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे झालेल्या जॅझ महोत्सवाचे चित्रण करून छायाचित्रकार बर्ट स्टर्न यांनी ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ हा माहितीपट तयार केला. वादकाच्या चेहऱ्यावरील भाव, श्रोत्यांची डोलणारी मान आणि भोवतालचा उजेड हेही संगीताच्या अनुभवाचे घटक आहेत, हे त्या चित्रपटाने दाखवून दिले. त्यानंतर १९६०च्या सुमारास यंत्रसामग्रीत मोठा पालट झाला. खांद्यावर पेलता येईल असा १६ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा आणि त्याच्याशी मेळ राखून चालणारे हलके ध्वनिमुद्रण यंत्र उपलब्ध झाले. तिवई, रूळ आणि दिव्यांचा मोठा सरंजाम यांच्यावाचून चित्रण करणे त्यामुळे शक्य झाले. घटनेत ढवळाढवळ न करता ती घडताना टिपणारी ‘प्रत्यक्षदर्शी’ माहितीपटांची शैली याच यंत्रांच्या आधाराने उदयास आली आणि मैफलपट तिच्या छायेत वाढला.

या यंत्राला एक कठोर मर्यादाही होती. १६ मिलिमीटर फिल्मचे ४०० फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटी या वेगाने सुमारे अकरा मिनिटांत संपते. तीन-चार मिनिटांच्या गीताला ते पुरून उरते. आलापापासून द्रुत लयीपर्यंत उलगडत जाणाऱ्या भारतीय वादनाला मात्र अपुरे पडते. कॅमेरे आळीपाळीने भरावे लागतात आणि त्या आळीपाळीचे नियोजन चुकले तर वादनाचा एखादा क्षण कायमचा हातचा जातो. मैफलपटांतील भारतीय संगीताच्या वाट्याला आलेले बरेवाईट समजून घेताना ही तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी लागते.

प्रकार

अभिजात मैफलपटांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. पहिला वर्ग उत्सवपटांचा. डी. ए. पेनेबेकर यांचा ‘मॉन्टेरे पॉप’ (१९६८) आणि मायकेल वॅडली यांचा ‘वुडस्टॉक’ (१९७०) हे त्याचे ठळक नमुने होत. त्यांत संगीताइतकाच जनसमुदायही नायक असतो. ‘वुडस्टॉक’मध्ये पडद्याचे दोन-तीन भाग करून एकाच वेळी अनेक दृश्ये दाखवण्याचे तंत्र वापरले गेले. त्याच्या संकलनात थेल्मा स्कूनमेकर आणि तरुण मार्टिन स्कॉर्सेसी यांचा सहभाग होता. सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर पुरस्कारही त्यास लाभला. दुसरा वर्ग घटनापटांचा. आल्बर्ट व डेव्हिड मेझल्स आणि शार्लट झ्वेरिन यांच्या ‘गिमी शेल्टर’मध्ये (१९७०) आल्टमाँट येथील मैफलीत श्रोत्यांमध्ये झालेली हत्या चित्रित झाली आहे. तेथे संगीतापेक्षा घटनेचा ताण प्रधान ठरतो.

तिसरा वर्ग रंगमंचपटांचा. स्कॉर्सेसी यांच्या ‘द लास्ट वॉल्ट्झ’मध्ये (१९७८) ‘द बँड’ या वृंदाची निरोपाची मैफल ३५ मिलिमीटर फिल्मवर, कोणत्या ओळीला कोणता कॅमेरा कोठे असावा याची आधी आखणी करून चित्रित केली गेली. जोनाथन डेमी यांचा ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ (१९८४) याच परंपरेतला. त्यात श्रोत्यांची दृश्ये जवळजवळ वगळून सारे लक्ष मंचावर केंद्रित केले आहे. चौथा वर्ग श्रोतृविहीन मैफलपटांचा. पिंक फ्लॉइड या वृंदाने पाँपेईच्या प्राचीन रंगभूमीत रिकाम्या आसनांसमोर केलेले वादन एड्रियन मेबन यांनी चित्रित केले, तो याचा नमुना. ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ या चारांपैकी एकाही वर्गात पूर्णपणे बसत नाही. त्याच्या मुळाशी मदतीचा हेतू आहे आणि त्याचे बरेचसे गुण व दोष त्या हेतूतूनच उद्भवले आहेत.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ आले. मार्च १९७१ पासून तेथे लष्करी दमन सुरू झाले आणि वर्षअखेरीपर्यंत सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. सीमेवरील राज्यांवरचा भार हलका करण्यासाठी केंद्र सरकारने काही निर्वासितांना आतल्या राज्यांत हलवले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातील माना हे अशा ठिकाणांपैकी एक होते. १९६४ मध्येही पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना दंडकारण्य पुनर्वसन योजनेत पाठवण्यापूर्वी येथेच ठेवले गेले होते. आज रायपूरचे विमानतळ ज्या परिसरात आहे तोच हा परिसर.

या मैफलीची मूळ कल्पना ज्यांची, त्या सतारवादक पंडित रविशंकर यांचे कुटुंब मूळचे पूर्व बंगालमधील. मैफलीतील त्यांचे सहवादक, सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचा तर जन्मच तेथील शिबपूर गावचा. दोघांचे शिक्षण मैहर येथे उस्ताद अलाउद्दीन खाँ यांच्याकडे झाले, म्हणजे १९७१ साली भिलाई ज्या राज्यात होते त्याच राज्यातील एका गावी. आपल्या मुलखातील हाल ऐकून व्यथित झालेल्या रविशंकरांनी रॉक संगीतकार जॉर्ज हॅरिसन यांच्याकडे मन मोकळे केले. हॅरिसन यांच्याशी त्यांचे नाते १९६६ पासूनचे होते. त्या वर्षी हॅरिसन सतार शिकण्यासाठी मुंबईत आले होते, आणि जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही ध्वनिमुद्रण केंद्रात त्यांनी भारतीय वादकांना घेऊन ‘वंडरवॉल’ चित्रपटाचे संगीत मुद्रित केले होते. रविशंकरांच्या मनात सुमारे २५,००० डॉलर उभे राहतील अशी एखादी मैफल होती. हॅरिसन यांनी अवघ्या काही आठवड्यांत तिचे रूप पालटले. रविवार, १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी व रात्री असे दोन प्रयोग झाले. दोन्ही मिळून सुमारे ४०,००० श्रोते उपस्थित होते.

रचना

चित्रपटाची रचना साधी आणि क्रमबद्ध आहे. आरंभी पत्रकार परिषदेचा छोटा भाग येतो. जगात एवढ्या समस्या असताना हीच का निवडली, असे विचारले असता मित्राने मदत मागितली म्हणून, असे हॅरिसन सरळ उत्तर देतात. त्यानंतर मैफल सुरू होते ती भारतीय संगीताने. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती असा हा चमू ‘बांगला धून’ सादर करतो. मग मंच रॉक वादकांच्या ताब्यात जातो. हॅरिसन, रिंगो स्टार, एरिक क्लॅप्टन, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन, ड्रमवादक जिम केल्टनर, बॅडफिंगर या वृंदाचे सदस्य, शिवाय सुषिर वाद्यांचा ताफा आणि सहगायकांचा समूह असा मोठा मेळा तेथे आहे. उत्तरार्धात बॉब डिलन अवतरतात आणि अखेरीस हॅरिसन यांचे ‘बांगला देश’ हे गीत होते.

गुण

या चित्रपटाचा पहिला गुण म्हणजे त्याने राखलेला आदरभाव. भारतीय वादन सुरू होण्यापूर्वी रविशंकर श्रोत्यांना धूम्रपान न करण्याची विनंती करतात आणि हे संगीत एकाग्रतेने ऐकण्याचे आहे हे समजावून सांगतात. नंतर वादक आपापली वाद्ये जुळवतात. सतारीच्या मुख्य तारांखालच्या तरफा आणि सरोदच्या तारा दिव्यांच्या उष्णतेने सहज उतरतात; म्हणून मंचावर बसल्यावर खुंट्या पुन्हा पिळून त्या स्वरात आणाव्या लागतात. हे जुळवणे थांबताच सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. आपली जुळवणीच जर एवढी आवडली असेल तर वादन त्याहून अधिक आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर हसतमुखाने म्हणतात. संकलकाने हा प्रसंग कापला असता तर कोणी तक्रार केली नसती. तो ठेवल्यामुळे दोन संगीतपरंपरांच्या भेटीतील अपरिचय आणि सद्भाव दोन्ही एकाच दृश्यात नोंदले गेले.

दुसरा गुण संयमाचा. ‘वुडस्टॉक’प्रमाणे येथे पडद्याचे तुकडे नाहीत, कॅमेऱ्याची झटापट नाही. डिलन यांच्या भागात हा संयम विशेष फलदायी ठरतो. गळ्यात अडकवलेल्या चौकटीत माउथ ऑर्गन आणि हातात साधी गिटार घेतलेले डिलन मध्यभागी उभे आहेत. एका बाजूला हॅरिसन इलेक्ट्रिक गिटारवर, दुसऱ्या बाजूला रसेल बास गिटारवर आहेत आणि रिंगो स्टार खंजिरीवर साथ करीत आहेत. गीताच्या ध्रुवपदाशी डिलन, हॅरिसन आणि रसेल ध्वनिक्षेपकाकडे सरकतात आणि एकमेकांचे ओठ पाहत स्वर मिळवतात. कॅमेरा तेथे स्थिर राहतो. मोठ्या सभागृहातील दूरच्या श्रोत्याला जे कधीच दिसले नसते ते प्रेक्षकाला दिसते, आणि मैफलपटाचे प्रयोजन येथे पूर्णत्वास जाते.

तिसरा गुण प्रामाणिकपणाचा. रिंगो स्टार स्वतःच्याच गीताचे शब्द विसरतात, तो क्षण चित्रपटात तसाच आहे. बिली प्रेस्टन गाता गाता ऑर्गन सोडून मंचावर नाचू लागतात, त्या अनपेक्षित आनंदालाही जागा मिळाली आहे. हॅरिसन आणि बॅडफिंगरचे पीट हॅम केवळ दोन गिटारींवर एक गीत सादर करतात, तेव्हा एवढा मोठा वाद्यमेळा शांत असतो. नामवंतांच्या गर्दीत एकमेकांसाठी मागे सरण्याची वृत्ती हा या मैफलीचा स्वभाव होता आणि चित्रपटाने तो नेमका पकडला.

दोष

दोषांत पहिला तांत्रिक आहे. चित्रण १६ मिलिमीटर फिल्मवर झाले आणि चित्रगृहांसाठी ते ७० मिलिमीटरवर मोठे केले गेले. चौकटीचे क्षेत्रफळ दसपटीहून अधिक वाढल्यामुळे फिल्मवरील कण ठळक झाले आणि चित्र दाणेदार दिसू लागले. कॅमेरे मोजके होते आणि त्यांच्या जागा फारशा बदलत नव्हत्या. त्यामुळे तीच ती दृश्ये परत परत येतात. मंचावर पंचवीसच्या आसपास माणसे असताना कोण काय वाजवतो आहे हे पुष्कळदा कळत नाही. बॅडफिंगरचे गिटारवादक तर क्वचितच नजरेस पडतात. ‘द लास्ट वॉल्ट्झ’मधील नियोजित प्रकाशयोजना आणि आधी आखलेले चित्रण पाहिले म्हणजे ही उणीव अधिक जाणवते. काही आठवड्यांत उभ्या केलेल्या मैफलीत अशा पूर्वतयारीला अवधीच नव्हता, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे.

दुसरा दोष संकलनातील प्रमाणाचा आहे आणि भारतीय प्रेक्षकाला तो अधिक खटकतो. प्रत्यक्ष मैफलीत भारतीय वादन सुमारे पाऊण तास चालले. चित्रपटात त्याचा साधारण तृतीयांशच उरला आहे. गीताचे एखादे कडवे गाळले तरी गीताची ओळख शिल्लक राहते. धुनेत मात्र लय टप्प्याटप्प्याने चढते. मधला टप्पा काढला की शेवटच्या द्रुत भागातील सवालजबाब केवळ हस्तकौशल्य वाटू लागतो. त्या चढत्या लयीमागची वाट प्रेक्षकाला चालायला मिळत नाही. शिवाय सतार, सरोद आणि तबला यांच्याकडे कॅमेरा वळतो तसा तो तानपुऱ्याकडे वळत नाही, आणि साऱ्या वादनाला आधार देणारा स्वर दृश्यात उपेक्षित राहतो.

ही उपेक्षा या एका चित्रपटापुरती नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये रविशंकर आणि अल्लारखा यांनी वुडस्टॉकच्या पहिल्या रात्री पावसात वादन केले. ‘वुडस्टॉक’ चित्रपटात त्याचा मागमूस नाही. याउलट पेनेबेकर यांनी ‘मॉन्टेरे पॉप’चा समारोपच रविशंकरांच्या वादनाने केला. तो भाग सुमारे अठरा मिनिटांचा आहे. वादकांचे चेहरे दिसण्यापूर्वी कितीतरी वेळ फक्त श्रोते दिसतात, त्यांत त्याच महोत्सवातले रॉक वादकही आहेत, आणि ऐकण्याची क्रिया हाच चित्राचा विषय होतो. मूळ वादन त्याहून पुष्कळ दीर्घ होते, तरीही चित्रपटाने त्याचा चढ राखला. इच्छा असेल तर अकरा मिनिटांच्या रिळांतूनही भारतीय संगीताला न्याय देता येतो, याचा हा पुरावा आहे.

तिसरा दोष आशयाचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. चित्रपटाच्या नावात ज्या देशाचे नाव आहे, त्या देशाच्या माणसाला चित्रपटात वाणी नाही. मैफलीच्या वेळी मध्यंतरात तेथील हालअपेष्टांचे चित्रण श्रोत्यांना दाखवले गेले होते. चित्रपटात मात्र छावणीतील एखादी स्त्री, एखादा वृद्ध आपली हकीकत स्वतः सांगताना भेटत नाही. त्या काळी अमेरिकी शासन पाकिस्तानच्या पाठीशी उभे होते. त्यासंबंधीही चित्रपट मौन बाळगतो. परिणामी, निर्वासित हे करुणेचे निमित्त राहतात, कथेतील माणसे होत नाहीत. माना, गया किंवा पश्चिम बंगालच्या सीमेवरील एखाद्या छावणीतील दहा मिनिटांचे चित्रण त्यात असते, तर अखेरचे ‘बांगला देश’ हे गीत ज्यांच्याविषयी आहे ती माणसे प्रेक्षकाच्या परिचयाची झाली असती.

उपयोग आणि परिणाम

तिकीटविक्रीतून जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे सुपूर्द झाले. मैफलीच्या तीन तबकड्यांच्या संचाला १९७३ साली वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मात्र मैफल होण्यापूर्वी मदतसंस्थेशी रीतसर करार झालेला नसल्यामुळे अल्बम आणि चित्रपट यांचे उत्पन्न अमेरिकी करविभागाच्या तपासणीत वर्षानुवर्षे अडकून पडले. पुढील काळातील आयोजकांनी त्यापासून बोध घेतला आणि १९८५ च्या ‘लाइव्ह एड’सारख्या उपक्रमांत निधीच्या व्यवस्थेचा विचार आधी झाला. २००५ मध्ये हा चित्रपट सुधारित ध्वनीसह पुन्हा प्रकाशित झाला. त्याच्या उत्पन्नाचा ओघ युनिसेफमधील जॉर्ज हॅरिसन निधीकडे वळवण्यात आला. जनकल्याणासाठी भरवलेल्या मोठ्या रॉक मैफलींची परंपरा येथूनच सुरू झाली, असे मानले जाते.

या चित्रपटाचा दुसरा उपयोग दस्तऐवज म्हणून आहे. अली अकबर खाँ आणि रविशंकर यांची जुगलबंदी ध्वनिमुद्रिकांतून विपुल ऐकायला मिळते. पण दोघे गुरुबंधू एकमेकांकडे कसे पाहतात, अल्लारखा बोल वाजवण्यापूर्वी चेहऱ्यानेच त्याची सूचना कशी देतात, हे ध्वनिमुद्रिकेत नसते. आज हे तिन्ही कलावंत हयात नाहीत. तबला शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हा भाग आवाज बंद करून एकदा आणि आवाजासह एकदा पाहावा. हाताची ठेवण आणि साथीदाराची सावधानता यांचा तो उत्तम पाठ आहे.

आपल्या परिसरासाठी बोध

गुणदोषांचा हा ताळेबंद मांडल्यावर मैफलपट पारखण्याच्या तीन कसोट्या हाती येतात. कलाप्रकाराच्या स्वतःच्या कालमानाला चित्रपटाने मान दिला आहे काय? प्रमुख कलावंताबरोबर साथीदारही ओळखता येतो काय? ज्यांच्या नावाने कला सादर होते त्यांना बोलण्याची संधी मिळते काय? या कसोट्यांवर ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ पहिल्या प्रश्नात अर्धा उतरतो, दुसऱ्यात अंशतःच उतरतो आणि तिसऱ्यात उणा पडतो. तरीही त्याचा आदरभाव आणि प्रामाणिकपणा यांमुळे तो अभिजात ठरतो, असे माझे मत आहे. चित्राचा दाणेदारपणा विसरता येतो. मंचावरची माणसे परस्परांना देत असलेला मान विसरता येत नाही.

भिलाई-दुर्गकरांना या कसोट्या लगेच लावून पाहता येतील. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनी पंडवानी, म्हणजे महाभारतकथा गाऊन सांगण्याची कला, जगभर नेली. त्यांची नोकरी भिलाई पोलाद कारखान्यात होती आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य, आणि शेजारी बसलेला रागी, म्हणजे साथीदार, हुंकार देऊन कथा पुढे ढकलत असे. आज ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे आणि त्याला रिळाच्या अकरा मिनिटांची अट नाही. म्हणून पंडवानी, नाचा हे लोकनाट्य किंवा आपल्याकडच्या गणेशोत्सवातील भजनाची बैठक चित्रित करणाऱ्यांनी वाद्यांची जुळवणी ठेवावी, प्रसंग अखंड घ्यावा, रागीचा आणि टाळकऱ्याचा चेहरा दाखवावा, सर्वांची नावे अखेरीस लिहावीत आणि कलावंताला त्याच्या बोलीत दोन शब्द सांगू द्यावेत. न्यूयॉर्कच्या त्या घाईच्या मैफलीत जे साधले नाही ते येथे सवडीने साधता येईल, आणि पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला आपल्या प्रदेशाच्या संगीताची भरवशाची साधने मिळतील.